दिनविशेषाची यादी आणि संशोधनाचा प्रश्न: १ एप्रिलचं उदाहरण

पीएच.डी.ची तयारी करणारे बरेच जण पेटच्या अभ्यासात दिनविशेष पाठ करतात. परीक्षेसाठी ते ठीक आहे. अडचण पुढे येते. लोकप्रिय संगीतावर सिनॉप्सिस लिहायला बसलं की पहिल्या प्रकरणात हीच यादी उतरते. अमुक तारखेला अमुक घडलं, तमुक तारखेला तमुक घडलं. गाईड विचारतात, "मग?" आणि उत्तर नसतं. दिनविशेष हा इतिहासाचा प्रकार म्हणून कुठे कमी पडतो, हे आज एकच तारीख घेऊन बघू.

तारीख १ एप्रिल. या दिवसाच्या संगीताच्या यादीत दोन नोंदी ठेवू. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि कल्पनेमागे केंद्रावरचे सीताकांत लाड. दुसरी नोंद १९८४ ची. अमेरिकेतला मोठा गायक मार्विन गे याचा लॉस एंजेलिसमध्ये वडिलांच्या गोळीनं मृत्यू झाला.

यादीत या दोन ओळी शेजारी बसतात, पण त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. दुसरी घटना त्या तारखेला घडली, एवढंच. पहिलीचा दिवस मात्र कुणीतरी ठरवला होता, कारण त्या दिवशी रामनवमी होती. कार्यक्रम सुरू करणाऱ्यांच्या डोक्यात तिथी होती आणि १ एप्रिल ही तारीख मागून आली. दिनविशेष नेमकी ही माहिती गाळतो, आणि ती गाळली की घटनेचं कारणच हातचं जातं.

यातून काय निसटतं ते आकड्यातच दिसतं. गीतरामायणात ५६ गीतं आहेत. दर आठवड्याला एक नवं गीत, असं वर्षभर चालायचं होतं. मग ५२ का नाहीत? तारखेच्या वर्षानं हे कोडं सुटत नाही, पंचांगाच्या वर्षानं सुटतं. शके १८७७ मध्ये अधिक भाद्रपद आला होता, म्हणून पुढची रामनवमी १९ एप्रिल १९५६ ला पडली. दोन रामनवम्यांमध्ये ३८४ दिवस होतात, म्हणजे जवळपास ५५ आठवडे. पहिलं आणि शेवटचं गीत दोन्ही मोजा, ५६ होतात. एका कलाकृतीची लांबी अधिक महिन्यानं वाढवली, ही गोष्ट 'पान १, एप्रिल' मध्ये कुठेच सापडणार नाही.

आपल्या भागात हे नवीन वाटायला नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. पण मोझरीला गुरुकुंजात पुण्यतिथी आश्विन वद्य पंचमीला होते, आणि वर्धा जिल्ह्यातल्या गावोगावचे लोक त्या दिवशीच तिकडे निघतात. बरं, खंजिरीवरची त्यांची भजनं इथल्या खेड्यांत किती गायली जातात हे तुम्हाला माहीतच आहे. तरी संगीताच्या दिनविशेषात महाराज सहसा नसतात, 'संत' या रकान्यात असतात. रकाना कुणी आखला, हाही संशोधनाचाच प्रश्न आहे.

आता उलट बाजू. एका दिवसाच्या दोन नोंदी नेहमीच योगायोग असतात असं नाही. ३ ऑक्टोबर १९५७ घ्या. त्या दिवशी विविध भारती सुरू झाली, आणि गीतरामायणाचं पुस्तक भारत सरकारच्या प्रकाशन विभागानं काढलं तेही त्याच दिवशी. दिवस दसऱ्याचा. इथे शेजार खरा आहे: आकाशवाणी आणि प्रकाशन विभाग, दोन्ही एकाच मंत्रालयाखाली, आणि मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. सिनेगीतांना आकाशवाणीवर आखडता हात घेणारे म्हणून केसकर ओळखले जातात. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले तेव्हा विविध भारती काढावी लागली. एकाच दसऱ्याला सरकारनं एका हातानं रेडिओवरची भावगीतं पुस्तकात बांधली आणि दुसऱ्या हातानं हलक्याफुलक्या गाण्यांना दार उघडलं. यावर एक अख्खं प्रकरण उभं राहू शकतं.

म्हणून माझं म्हणणं असं की यादी फेकून देऊ नका, तिला तीन प्रश्न विचारा. दिवस आपोआप आला की कुणी निवडला? निवडला असेल तर कोणत्या कालगणनेनं? आणि घटना जिथे घडली तिथली तारीख तुमच्या गावाची तारीख आहे का?

तिसरा प्रश्न वर्ध्याच्या मुलांनी सोडू नये. १ एप्रिल १९५५ ला पुणे मुंबई राज्यात होतं आणि वर्धा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ चं, पुण्याचं १९५३ चं, म्हणजे आपलं केंद्र थोरलं. तरी 'मराठी मनाचा क्षण' म्हणून छापला जातो तो पुण्याचा दिवस. देवळीत, आर्वीत, हिंगणघाटला गीतरामायण पोहोचलं त्याची तारीख वेगळी असू शकते: कुठे रेडिओनं, कुठे पुस्तकानं, कुठे तबकडीनं. ही तारीख छापील यादीतून मिळायची नाही. ती जुन्या वाचनालयाच्या दाखलनोंदवहीत, गणेशोत्सव मंडळाच्या जमाखर्चात आणि ऐंशी पार केलेल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात शोधावी लागते.

आणि ती माणसं आता थोडी उरली आहेत. सिनॉप्सिस मंजूर व्हायची वाट बघत बसू नका. या रविवारी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, पहिला रेडिओ कुणाच्या घरी आला आणि त्यावर काय ऐकलं. उत्तरात तारीख येणार नाही, "त्या वर्षी विहीर खोदली" असं काहीतरी येईल. तेच लिहून घ्या. त्यावरून साल काढायचं काम आपलं.