'रात्रंदिन आम्हा' : शांताबाई दाणी यांचे आत्मकथन

नाशिकने मराठी वाचकांस दिलेल्या स्त्रियांच्या आत्मकथनांचा विषय निघताच लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आठवतात, आणि ते योग्यच होय. पण याच शहरात खडकाळीस १९१९ साली जन्मलेल्या शांताबाई दाणी यांचे पुस्तक किती सुशिक्षित घरांत आढळेल? इंदिरानगरातून खडकाळीस पोहोचण्यास फार वेळ लागत नाही. वाचकाचे पाऊल मात्र तिकडे सहसा वळत नाही.

ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत असे आम्ही आग्रहाने सुचवितो. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे विलक्षण सोवळे वाचताना आपण पोट धरून हसतो. त्याच सोवळ्याची दाराबाहेरची बाजू शांताबाईंच्या वाट्यास आली, आणि तेथे हसू आपोआप थांबते. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला, तेव्हा ही महार घरातील मुलगी अवघी अकरा वर्षांची होती. दारिद्र्य, वडिलांचे व्यसन, आणि मुलीने शिकलेच पाहिजे हा आईचा हट्ट, यांतून ती घडली. पुढे डॉ. आंबेडकरांची चळवळ, दादासाहेब गायकवाडांचे सहकार्य, विधान परिषद, मुलींचे वसतिगृह हाच त्यांचा संसार झाला. त्या अविवाहित राहिल्या. लक्ष्मीबाईंच्या कथेस टिळकांचा आस आहे. शांताबाईंच्या कथेस तसा कोणा पुरुषाचा आस नाही, ही आपल्या स्त्रियांच्या आत्मकथनांत लहानसहान गोष्ट नव्हे.

पुस्तकाचे नाव तुकोबांच्या अभंगातून घेतले आहे. तुकोबांच्या तोंडी 'आम्हां' म्हणजे बहुधा एकटा साधक, स्वतःच्या मनाशीही झुंजणारा. शांताबाईंनी उच्चारताच ते अनेकवचन खरोखरीचे होते. मात्र याच ठिकाणी आमची एक तक्रारही आहे. 'आम्ही' जसजसे बळावते, तसतसा 'मी'चा आवाज मंदावतो. आईच्या आठवणींत जे बोलणे थेट काळजास भिडते, ते पुढे सभासंमेलनांच्या हकिकतीत पुष्कळदा हरवते. हे आत्मकथन भावना भार्गवे यांनी शब्दबद्ध केले व ते १९९० साली प्रसिद्ध झाले; तेव्हा हा संकोच सांगणारीचा की लिहिणारीचा, असा प्रश्न कोणी करील. आम्हांस तो सांगणारीचाच वाटतो. जिने सारे आयुष्य चळवळीच्या हवाली केले, तिला स्वतःपुरते बोलणे ही चैन वाटली असावी. शांताबाई २००१ साली निवर्तल्या. एवढी एक चैन त्यांनी केली असती, तर ती आम्हांस हवी होती.