खेळाडू बाद, महाविद्यालय नाबाद

धाराशिवात खेळावर बोलायचं म्हणजे खो-खोपासूनच सुरुवात करावी लागते. सारिका काळे इथलीच. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार होती. 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. तिच्यामागून मैदानात उतरलेल्या मुली निव्वळ हौसेनं उतरलेल्या नाहीत. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. चार एकर कोरडवाहू असलेल्या घरात त्या एका प्रमाणपत्राचा अर्थ काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता महाविद्यालयीन खेळात नियम मोडला जातो तो कसा, बघा. स्पर्धेच्या तोंडावर बाहेरचा एक तयार खेळाडू आणायचा. त्याला कुठल्या तरी वर्गात प्रवेश द्यायचा. तो तासाला दिसत नाही, ग्रंथालयात दिसत नाही, परीक्षेलाही बसला तर बसला. दिसतो फक्त गणवेशात. आपल्याकडं याला सरळ 'आयात खेळाडू' म्हणतात, आणि म्हणताना कुणाचा आवाजही खाली येत नाही.

पण हे एकट्या खेळाडूला जमतं का? प्रवेश कार्यालयानं दिलेला असतो. पात्रता अर्जावर क्रीडा शिक्षकाची सही असते, प्राचार्यांची असते. प्रतिस्पर्धी संघानं हरकत घेतली आणि ती टिकली, तर खेळाडू बाद होतो, फार तर संघ बाद होतो. सही करणारे मात्र पुढच्या वर्षी पुन्हा सही करायला हजर! परीक्षेत सामूहिक कॉपी सापडली तर निदान केंद्र रद्द होण्याची भीती असते. खेळात तेवढीही नाही.

माझा मुख्य आक्षेप पुढं आहे. महाविद्यालयाची चौकशी विद्यापीठ करतं, आणि त्याच महाविद्यालयांतून विद्यापीठाचा संघ उभा राहतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेतलं पदक विद्यापीठालाही हवंच असतं. नॅकच्या मूल्यांकनात खेळातल्या पदकांची मोजणी होते. म्हणजे पदकाचा फायदा ज्याला, तोच न्यायाधीश. अशा चौकशीतून 'समज देण्यात आली' यापलीकडं काही बाहेर येत नाही, याचं मला तरी नवल वाटत नाही. हा काही एका विद्यापीठाचा दोष नाही. रचनाच तशी आहे.

अमेरिकेत पैसा अफाट, तरी गोष्ट तीच. टेक्सासमधल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठानं फुटबॉल खेळाडूंना चोरून पैसे दिले, म्हणून 1987 चा त्यांचा अख्खा हंगाम रद्द झाला. पकडलं गेल्यावरही पैसे चालूच ठेवायचं ठरलं होतं, आणि ते ठरवणाऱ्यांत बिल क्लेमेंट्स होते. हे उघड झालं तेव्हा ते त्या राज्याचे गव्हर्नर होते! शिक्षा झाली, पण ती बाहेरच्या संघटनेनं दिली.

नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं प्रकरण मात्र मला जास्त बोचतं. तिथं 18 वर्षं नुसते कागदावरचे अभ्यासक्रम चालले. 3,100 हून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला, त्यात निम्म्याच्या आसपास खेळाडू. 2017 मध्ये निकाल लागला तो काय? हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, त्यामुळं खेळाडूंना वेगळा फायदा झाला असं सिद्ध होत नाही. सबब, खेळाच्या नियमांखाली शिक्षा नाही. फसवणूक पुरेशी मोठी होती म्हणून ती नियमाबाहेर गेली. आपले काही संस्थाचालक हा निकाल वाचतील तर फ्रेम करून लावतील.

आपल्याकडं ट्रॅम्पोलिन आणि टम्बलिंगची बोगस प्रमाणपत्रं बाहेर आली, तेव्हा पोलीस क्रीडा खात्यापर्यंत पोहोचले. तिथं निदान सही कुणाची, हे विचारलं गेलं. विद्यापीठानं तेच विचारावं. हरकत कुणी घेतली, निर्णय काय झाला, पात्रता अर्जावर कुणाची सही होती, हे संकेतस्थळावर टाकायला फार पैसा लागत नाही. चौकशी समितीत विद्यापीठाबाहेरचा एक माणूस बसवायलाही लागत नाही.

आणि ज्या मुली त्या बाद संघाकडून उपांत्य फेरीत हरल्या, त्यांचं काय? निर्णय येतो तेव्हा स्पर्धा संपलेली असते, विद्यापीठाचा संघ रवाना झालेला असतो. सामना पुन्हा होत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा 25 आहे. त्यातल्या एखादीचं ते शेवटचं वर्ष असतं.