एसडीएल आणि देवनागरीची जुळणी

पडद्यावर चित्र उमटविणे, ध्वनी वाजविणे व कळफलकाची हालचाल टिपणे ही कामे विंडोज, लिनक्स, मॅक यांपैकी प्रत्येकावर निरनिराळ्या रीतीने करावी लागतात. हा भेद पोटात घेऊन प्रोग्राम लिहिणारापुढे एकच रीत ठेवणारी ‘सिंपल डायरेक्टमीडिया लेअर’, म्हणजे एसडीएल, ही लायब्ररी सॅम लँटिंगा यांनी 1998 मध्ये सुरू केली. ती सी भाषेत लिहिलेली असून तिची मूळ संहिता सर्वांस खुली आहे. 2013 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तिला झेडलिब परवाना लाभला. त्यामुळे तिच्या आधारे रचलेली कृती विकली, तरी स्वतःची संहिता उघड करण्याचे बंधन राहत नाही. जळगाव-धुळ्याकडील विद्यार्थ्यास फी न भरता, साध्या यंत्रावरही, ती वापरता येते. हे तिचे गुण निर्विवाद आहेत.

परंतु यंत्रायंत्रांत भेद न करणारी ही लायब्ररी लिप्यालिप्यांत भेद करीत नाही काय, हा प्रश्न तिच्या परीक्षणात क्वचितच विचारला जातो. मजकूर रेखाटण्याचे काम मूळ लायब्ररीत नाही, ते एसडीएल-टीटीएफ या सोबतिणीकडे आहे. ती फ्रीटाइपकडून एकेका चिन्हाची आकृती मिळवून त्या ओळीने मांडीत असे. रोमन लिपीचे एवढ्याने भागते. देवनागरीत मात्र ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व साठवणीत व्यंजनानंतर येते आणि लेखनात त्याच्या आधी बसते. जोडाक्षरात तर दोन व्यंजने मिळून तिसरीच आकृती होते.

याचा प्रत्यय खान्देशातील नावांवरूनच घेता येतो. ‘जळगाव’ या रीतीने नीट उमटते, बहुतेक फाँटांत ‘धुळे’ही. म्हणून या दोन नावांवर परीक्षा घेणारा विद्यार्थी निश्चिंत होतो, आणि फसतो. ‘शिरपूर’ लिहिताच वेलांटी ‘श’ला सोडून ‘र’च्या माथी बसते. ‘अहिराणी’त ‘ह’ची वेलांटी ‘रा’कडे सरकते. ‘साक्री’त ‘क’चा पाय मोडका दिसतो. खुद्द ‘खान्देश’ही दुभंगतो.

2022 पासून एसडीएल-टीटीएफमध्ये हार्फबझ या अक्षरजुळणी करणाऱ्या लायब्ररीचा आधार घेता येतो व लिपी कोणती हे सांगण्याची सोयही आहे. दोष दुरुस्त झाला, असे म्हणता आले असते. पण हा आधार ऐच्छिक आहे. बांधणीच्या वेळी तो घातला नसेल, तर अक्षरे पूर्ववत विस्कटतात आणि रेखाटणारे फलन त्याबद्दल काही कुरकुर करीत नाही. ज्यास देवनागरी वाचता येत नाही, त्या परीक्षकास ही चूक दिसणारही नाही. आमच्या मते खरी उणीव येथे आहे.

मजकुराची चित्रे आधीच करून ठेवावी, असा उपाय सुचविला जातो. ठरावीक पाट्यांपुरता तो चालेल. अहिराणी शब्दांचा खेळ रचून त्यात मुलाने स्वतःचे नाव टंकावे असे योजले, तर तो निरुपयोगी ठरतो. गंमत अशी, की दुसऱ्या आवृत्तीपासून कळफलकावरून येणारा मजकूर युनिकोडमध्ये शुद्ध हाती पडतो. यंत्राच्या स्मृतीत नाव बरोबर, मुलाच्या डोळ्यांपुढे चुकीचे.

ध्वनीच्या बाबतीत असा पक्षपात संभवत नाही. अहिराणी ओवी असो की इंग्रजी गाणे, लायब्ररीस दोन्ही केवळ नमुन्यांच्या ओळी. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी पुत्र सोपानदेवांमुळे कागदावर आली व 1952 मध्ये ग्रंथरूप झाली. 2011 च्या जनगणनेत खान्देशी ही मातृभाषा सांगणारे 18 लाखांहून अधिक होते. त्यांच्या बोलीस पडद्यावर आवाज सहज मिळतो, अक्षर मात्र मागून घ्यावे लागते. तेव्हा विभागातील प्रकल्पांत एसडीएल घेताना हार्फबझसह बांधणी झाली आहे की नाही, हे प्रथम पाहावे, आणि चाचणीस ‘जळगाव’ न घेता ‘शिरपूर’ व ‘साक्री’ घ्यावीत.