मत्स्यचरित्र आणि ओढ्याचा तळ

रॉडरिक हेग-ब्राउन यांचें ‘रिटर्न टु द रिव्हर’ हें पुस्तक १९४१ सालीं प्रसिद्ध झालें. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील कोलंबिया नदीच्या खोऱ्यांत जन्मलेल्या एका चिनूक जातीच्या सॅमन माशाचें हें चरित्र होय. ओढ्याच्या खडींत जन्म, समुद्राकडे प्रयाण आणि अखेरीस अंडीं घालण्यासाठीं पुनरागमन, असा कथेचा क्रम आहे. ग्रंथकर्ते जन्मानें इंग्रज, वास्तव्यानें व्हँकूव्हर बेटावरचे, आणि गळानें मासे धरण्याचे मोठे षोकी. त्यांचें अवलोकन सूक्ष्म आहे, व धरणांचा प्रश्न त्यांनीं वेळींच ओळखला, हें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे. तथापि चरित्राच्या या सांच्यावरच आमचा आक्षेप आहे.

चरित्र म्हटलें कीं नायक आला, आणि नायक नेईल तेथें वाचकानें जावयाचें. मासा समुद्राकडे निघाला कीं आपणही ओढा सोडतों. तो मेला कीं पुस्तक मिटतों. ओढ्याचा तळ मात्र जागच्या जागीं राहतो. तेथें दगडांना बिलगून राहणारीं मेफ्लायचीं चपटीं पिल्लें असतात. फटींतून शिकार करीत हिंडणारीं स्टोनफ्लायचीं पिल्लें असतात. तोंडांतून निघणाऱ्या रेशमानें वाळूचे कण वा पानांचे तुकडे जोडून त्या नळींत राहणाऱ्या कॅडिसच्या अळ्या असतात. शरदांत काठच्या आल्डर वृक्षांचीं पानें पाण्यांत पडतात, त्यांवर बुरशी चढते, आणि यांपैकीं कित्येक कीटक तीं कुरतडून खातात. प्रवाहाबरोबर वाहत येणारे हे कीटक सॅमनच्या पिलांचें अन्न. म्हणजे नायकाचें बाळपण बऱ्याच अंशीं झाडाच्या पानांवर पोसलें गेलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

अशीं चरित्रें वाचून परत येणारा मासा आपणांस त्यागमूर्ति वाटूं लागतो. तळाकडून पाहिलें तर चित्र निराळें दिसतें. मादी शेपटीच्या फटकाऱ्यांनीं खडी उकरते, तेव्हां तेथील रहिवाशांचें घरच उलथून पडतें. अलास्कांत ज्या ओढ्यांत सॅमन दाटीनें येतात, तेथें त्या दिवसांत तळच्या कीटकांची संख्या एकाएकीं घटते. कांहीं कीटक तर मासे येण्यापूर्वींच पंख फुटून पाण्याबाहेर पडतात. पुढें हाच विध्वंसक पाहुणा तेथेंच मरतो, आणि समुद्रांतून देहांत सांठवून आणलेलें नत्र व स्फुरद ओढ्याला देतो. कॅडिसच्या अळ्या त्याच्या कलेवरावर जमतात. तो संत नव्हे कीं दरोडेखोर नव्हे. चरित्र संपतें तेथें तळाचा नवा अध्याय सुरू होतो, इतकेंच.

हा केवळ साहित्यांतील वाद असता तर आम्ही तो वाढविला नसता. परंतु केवळ माशाकडे पाहण्याची ही दृष्टि व्यवहारांतही शिरली. कोलंबियेवर धरणें झालीं; ग्रँड कूली धरणानें तर वरच्या खोऱ्याकडे जाणारी माशांची वाट बंदच केली. भरपाई म्हणून कृत्रिम उबवणीकेंद्रांतून लक्षावधि पिलें सोडण्यांत आलीं. मासे मोजले गेले, तळाची विचारपूस फारशी झाली नाहीं. जंगलतोडीमुळें व रस्त्यांमुळें वाहून आलेला बारीक गाळ खडीच्या फटी बुजवितो. मग आंतील अंडीं गुदमरतात आणि कीटकांना थारा उरत नाहीं. वॉशिंग्टन व ओरेगन संस्थानांत उबवणीकेंद्रांतील मेलेले मासे मुद्दाम ओढ्यांत नेऊन टाकण्याचा उपाय अलीकडे करण्यांत आला आहे. चरित्रांतून गळालेलें पान उशिरां चिकटविण्याचाच हा प्रकार नव्हे काय?

पुस्तक वाचनीय आहे, यांत शंका नाहीं; तें घरांत मोठ्यानें वाचून दाखवावें. मात्र मासा मेल्यावर ओढ्यांत पुढें काय झालें, असें एखाद्या मुलानें विचारलें, तर ‘गोष्ट संपली’ असें उत्तर त्यास देऊं नये, एवढीच आमची विनंति आहे.