बालगंधर्वांची वेषभूषा : काठापदराचा विचार

जळगावी मेहबूबखाँकडे गायनाचे आरंभीचे धडे घेतलेल्या बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) शालू-पैठण्यांकडे समीक्षक बहुधा डामडौल म्हणूनच पाहतात. हे मत अपुरे आहे. पैठणीची नक्षी छापील नव्हे. निरनिराळ्या रंगांच्या कांड्या हाताने फिरवून विणकर ती मागावरच उमटवितो. ती निर्मिती निःसंशय त्याची. परंतु रंगमंचावरील अंतरामुळे बारीक बुट्टी हरपते. उरतात काठ व पदर. नेसण्यातून, चालण्यातून त्यांची रेषा प्रेक्षकांस प्रतीत करून देणे, ही नटाची रचना होय. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीतील त्यांच्या नायिकांचे घरंदाज स्त्रियांनी अनुकरण केले ते मुख्यतः या रचनेचे; भरजरीपणाचे अनुकरण कितीजणींस परवडणार? उपलब्ध कृष्णधवल छायाचित्रांवरून ही रेषा तपासता येते. रंगांविषयी निर्णय देणे मात्र धाडसाचे होईल.