राजधातूची निवड : एक आक्षेप

सिलिकॉनच्या चकतीवर सूक्ष्म साधने घडविणाऱ्यांच्या प्रबंधांत अशा अर्थाचे वाक्य वारंवार आढळते, की प्लॅटिनम हा रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय असल्याने थरासाठी त्याची निवड केली. परीक्षकही येथे सहसा अडत नाहीत. वस्तुतः हवेत न गंजणे आणि सिलिकॉनशी संयोग न पावणे हे दोन भिन्न गुण होत. पहिला प्लॅटिनमच्या अंगी आहे. दुसरा मुळीच नाही.

स्वच्छ सिलिकॉनवर हा थर देऊन चकती सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, की सिलिसाइड बनू लागते. १७६८ अंशांवर वितळणाऱ्या धातूची ही कथा! बेल प्रयोगशाळेतील लेप्सेल्टर यांनी १९६६ साली ‘बीम-लीड’ पद्धतीचे विवरण प्रसिद्ध केले. तीत या प्रवृत्तीचाच उपयोग केलेला दिसतो. संपर्कस्थानी प्लॅटिनमचे सिलिसाइड, त्यावर टिटॅनियम, मग पुन्हा प्लॅटिनम आणि सर्वांत वर सोने, अशी ती रचना होती. सोने व सिलिकॉन यांचे मिश्रण ३६३ अंशांवरच वितळू शकते. म्हणून मधल्या प्लॅटिनमने सोन्याला खाली उतरू द्यावयाचे नाही. एकच धातू एके ठिकाणी संयोगासाठी व दुसऱ्या ठिकाणी अडसर म्हणून योजिला आहे. निवड म्हणावयाची ती याला.

ऑक्साइडवर अडचण उलट दिशेने येते. प्लॅटिनम ऑक्सिजनशी नाते जोडीत नाही, म्हणून तो ऑक्साइडला चिकटतही नाही. ज्या गुणासाठी त्याला घेतले तोच येथे आड येतो. मग दहावीस नॅनोमीटर टिटॅनियम खाली घालावा लागतो. पुढे लेड झिर्कोनेट टिटॅनेटसारख्या द्रव्याच्या स्फटिकीकरणासाठी चकती ऑक्सिजनमध्ये ६०० अंशांपलीकडे नेली, की हा टिटॅनियम प्लॅटिनमच्या कणसीमांतून वर चढतो, त्याचे ऑक्साइड बनते आणि गुळगुळीत थरावर उंचवटे येतात. विद्युदग्राचे यश बहुधा त्या खालच्या थरावर ठरते. प्रबंधात मात्र त्याला तळटीप मिळते.

आकार देण्याच्या अडचणी सर्वश्रुत आहेत. आम्लराज तप्त असेल तरच हा राजा नमतो, आणि तोवर प्रकाशसंवेदी लेप टिकत नाही. प्लाझ्मात त्याची क्लोराइडे सहज उडून जात नाहीत. आयनांच्या माऱ्याने उखडलेला धातू लेपाच्या कडांवर पुन्हा बसतो व लेप काढल्यावर तेथे भिंती उभ्या राहतात. शिवाय सिलिकॉनमध्ये शिरलेले प्लॅटिनमचे अणू वाहकांचे आयुष्य घटवितात. शीघ्र डायोडांत ते मुद्दाम घालतात. परंतु जेथे ट्रान्झिस्टरांचे ऑक्सिडीकरण चालते त्या भट्टीत अशी एक चकती गेली, तर इतरांचे काम निष्कारण बिघडण्याची भीती असते.

याचा अर्थ प्लॅटिनम टाळावा असा नव्हे. सूक्ष्म तापपट्टीवरील तापमापकासाठी त्याच्याइतका विश्वासू धातू विरळा. परंतु तेथेही औद्योगिक तापमापकांचा ०·००३८५ प्रति अंश हा प्रमाण गुणक जसाच्या तसा उचलून चालत नाही. पातळ थरात पृष्ठभाग व कणसीमा यांमुळे रोध वाढतो व गुणक घटतो. तापवणीने कण वाढले की तोही बदलतो. तापवणीपूर्वी मोजलेल्या गुणकावरून काढलेली तपमाने कोष्टकात कितीही नीटस दिसली, तरी ती पुन्हा मोजावीच लागतील.