भिगवण सोडलं आणि...

मराठी प्रवासवर्णनं वाचून लहानपणी माझी अशी पक्की समजूत झाली होती की, प्रवास हा बोटीच्या धक्क्यावर नाहीतर विमानतळावर सुरू होतो. त्या धक्क्यापर्यंत लेखक कसा आला, वाटेत त्याला उलटी झाली का, वळकटी कुणी उचलली, हमालाशी किती आण्यांवरून वाजलं, हे पुस्तकात नसतं. पहिल्या पानावर बोटीचा भोंगा वाजतो, दुसऱ्या पानावर लेखक कठड्याला रेलून उभा असतो आणि तिसऱ्या पानावर त्याला क्षितिज दिसायला लागतं.

आमच्या इंदापूरच्या माणसाला असं थेट क्षितिजावर जाता येत नाही. आधी स्टँडवर जावं लागतं. तिथून पुणं सुमारे १४० किलोमीटर, आणि मुंबई त्याच्याही पुढं. बारामतीकरांचं वेगळं. त्यांच्याकडं रेल्वे होती. बारामतीची माझी मावशी आमच्याकडं आली की बोलता बोलता सहज म्हणायची, "आमचं काय बाई, गाडीत बसलं की झालं!" ही गाडी म्हणजे बारामती-दौंड अशी नॅरोगेजवरची छोटी गाडी. दौंडला उतरून, सामान खांद्यावर घेऊन, दुसरी गाडी गाठावी लागते ही गोष्ट मावशी कधी सांगत नसे. सांगण्यासारखं तेवढं सांगायचं आणि बाकीचं गाळायचं, याला साहित्यात 'निवड' म्हणतात, हे मला पुढं कॉलेजात गेल्यावर कळलं. मावशीला ते आधीपासूनच ठाऊक होतं.

मी प्रवासवर्णनांचा शत्रू नाही. उलट भक्त आहे. गावच्या वाचनालयातलं ते कपाट मी वरपासून खालपर्यंत वाचून काढलं आहे. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'मधून (१९४०) मी युरोप आणि रशिया पाहिला. गंगाधर गाडगीळांच्या 'साता समुद्रापलीकडे'ला (१९५९) धरून समुद्र ओलांडला. पु. लं.च्या 'अपूर्वाई'नं (१९६०) तर आमच्या घरात विलायतेचा एवढा बोलबाला केला की, काही दिवस वडील चहाच्या बशीला हातच लावीनात. थेट कपानं पीत. जीभ पोळल्यावर पुन्हा बशीवर आले.

पण भक्तालाच देवाच्या खोड्या जास्त माहीत असतात. म्हणून सांगतो. कपाटातल्या बऱ्याच पुस्तकांत मला तीन दोष सारखे आढळले. पहिला वर सांगितलाच : वर्णन फार उशिरा सुरू होतं. दुसरा असा की, लेखकाला पैसे मोजावे लागत नाहीत. तो कॅफेत बसतो, कॉफी मागवतो, समोरच्या चौकातल्या कारंज्याकडं बघत बसतो आणि उठून चालू लागतो. बिल कुणी दिलं? सुटे होते का? तिसरा दोष सगळ्यांत मोठा. लेखक क्वचितच बुजतो. मोठ्या शहरात पाऊल टाकल्याबरोबर आपल्या चपलांकडं, पिशवीकडं आणि बोलण्यातल्या 'कुठं'-'तिथं'कडं एकदम लक्ष जातं, ते याचं जात नाही. तो लंडनला पोचतो आणि लंडनबद्दल सांगू लागतो. अहो, लंडन आम्हाला भूगोलात होतंच. तुमचं तिथं काय झालं ते सांगा!

पु. लं.ना मी या आरोपातून सोडतो. निघायच्या आधीची तारांबळच त्यांनी अशी रंगवली आहे की, बोट सुटली नसती तरी माझं पुस्तकाचं भाडं वसूल झालं असतं. आणि दुसरे सुटतात ते वरसईचे गोडसे भटजी. घरचं कर्ज फेडायला चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून हा गरीब भिक्षुक १८५७ साली उत्तरेत जायला निघाला आणि नेमका बंडाच्या धामधुमीत सापडला. इंग्रजांनी झाशी घेतली तेव्हा तो झाशीतच होता. मिळवलेला पैसा लुटला गेला. कर्ज फेडायला गेलेला माणूस गंगेची कावड घेऊन घरी परतला. 'माझा प्रवास' हे त्याचं पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापलं. एवढी वर्षं ते लोक का वाचतात? त्यात झाशी आहे म्हणून, हे खरंच. पण झाशी इतिहासाच्या पुस्तकातही आहे. इथं झाशीत एक भेदरलेला, भुकेलेला, घराची आठवण काढणारा माणूसही आहे. हे भटजी आमच्या स्टँडवर भेटले असते, तर मी त्यांना नक्की ओळखलं असतं.

माझ्या मते या परंपरेतलं पुढचं नाव आमच्या आईचं. शिक्षण चौथी. लिखाण शून्य. पण मुंबईला किंवा पुण्याला जाऊन आली की आठवडाभर संध्याकाळी तिचं प्रवासवर्णन आमच्या ओट्यावर क्रमशः प्रसिद्ध होई. आळीतल्या बायका निवडायचं धान्य घेऊनच येत. त्या आठवड्यात गहू फार स्वच्छ निवडला जाई, कारण कुणालाच उठायचं नसे.

तिची सुरुवात ठरलेली. आधी तिकिटाचे पैसे. "एसटीला इतके पडले, मुलाचं अर्धं तिकीट इतकं." आकडा पैशासकट. मग, "भिगवण सोडलं आणि..." म्हणून ती जी निघायची, ती थेट परळच्या माझ्या काकांच्या खोलीत पोचेपर्यंत थांबायची नाही. कुरकुंभ, पाटस, यवत, लोणी, हडपसर, सगळी गावं ओळीनं येत. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी चढे, कुणीतरी उतरे आणि प्रत्येकाच्या पिशवीत काय होतं तेही आम्हाला कळे.

मुंबईच्या बसमध्ये कंडक्टरनं तिला विचारलं, "कुठे?"

आई म्हणाली, "धाकट्या जावेकडं."

"बाई, तिकीट कुठलं देऊ?"

"आता तुम्हाला परळ म्हणून सांगितलं, तर तुम्ही कुठल्या परळला सोडाल? माझी जाऊ सांगितली की चुकायचं नाही!"

कंडक्टर हसला की चिडला, हे ती कधी सांगत नसे. पण बस हसली, हे सांगे. मी त्या वेळी शेजारीच बसलो होतो आणि खिडकीबाहेर तोंड करून हा आपल्या ओळखीचा प्रसंग नाही असं दाखवत होतो. म्हणजे आमच्या दोघांत बुजण्याचं काम माझ्याकडं होतं आणि सांगण्याचं तिच्याकडं. समीक्षक आणि लेखक यांच्यात कामाची वाटणी साधारण अशीच असते.

दादरला तर कमाल झाली. लोकलमधून परळला उतरायचं होतं. "मी दादरला उतरले नाही," आई सांगे, "मला उतरवलं." आणि त्या उतरवण्यात एक चप्पल गाडीतच राहिली. गाडी गेली. दुसरं कुणी असतं तर उरलेली चप्पल तिथंच टाकून दिली असती. आईनं ती पिशवीत घातली, अनवाणी परळ गाठलं आणि चार दिवसांनी ती एकटी चप्पल इंदापूरला परत आली. "असू दे. जोडीची कधी सापडली तर?" मुंबईच्या लोकलमध्ये हरवलेली चप्पल इंदापुरात कशी सापडेल, असं वडिलांनी एकदा विचारून पाहिलं. ती चप्पल आमच्या माळ्यावर कितीतरी वर्षं होती.

पण नुसत्या फजितीवर वर्णन चालत नाही, हेही तिला ठाऊक होतं. मधेच ती डबलडेकरचा अध्याय काढी. वरच्या मजल्यावर, अगदी पुढं, काचेसमोरची जागा! तिथं बसून तिनं गेटवे ऑफ इंडिया पाहिला की नाही, मला आठवत नाही. तिनं लोकांच्या गॅलऱ्या पाहिल्या. कुणी पापड वाळत घातले होते, कुणाच्या दोरीवर सोवळं होतं, कुणाची सून केस विंचरत रस्त्याकडं बघत उभी होती. "दुसऱ्या मजल्यावरचे लोक आपल्याला कधी दिसतात का? त्या दिवशी समोरासमोर दिसले," ती म्हणे. मुंबईवर मी पुष्कळ वाचलं आहे. पण मुंबई म्हणजे एकावर एक रचलेली आमची आळीच, हे मला त्या डबलडेकरच्या अध्यायात पहिल्यांदा दिसलं. त्या जुन्या डिझेलच्या डबलडेकर २०२३च्या सप्टेंबरात बंद झाल्या आणि विजेवरच्या, गार हवेच्या नव्या आल्या. बातमी मी आईला वाचून दाखवली. तिनं विचारलं, "गार हवेची म्हणजे काचा बंद? मग गॅलरीतल्या पापडांचा वास यायचा कसा?"

१९८२च्या आशियाई खेळांनंतर पुणे-दादर रस्त्यावर 'एशियाड' गाड्या आल्या, तेव्हाही तिचा अभिप्राय असाच होता. सीट मऊ, झोप लागते, झोप लागली की सांगायला काही उरत नाही. प्रवासाच्या सोयी आणि प्रवासवर्णन यांचं नातं इतक्या थोडक्यात मांडलेलं मी दुसरीकडं वाचलेलं नाही.

पुण्याला कॉलेजात गेल्यावर मला समीक्षेची बाधा झाली. सुट्टीत घरी आलो आणि एका संध्याकाळी आईच्या वर्णनातही मला तोच दोष सापडला, जो मी छापील पुस्तकांना लावत होतो. हिचंही वर्णन उशिरा सुरू होतं! इंदापूर सोडल्यावर भिगवणपर्यंतचा रस्ता जातो कुठं? पुण्याकडं निघताना ती नेहमी उजव्या बाजूची खिडकी अडवून बसे. भिगवण येईपर्यंत कुणाशी बोलत नसे. दशमीचा डबासुद्धा भिगवण गेल्यावरच उघडे. तरी त्या भागाचं एक अक्षर वर्णनात नाही!

मी मोठ्या ऐटीत विचारलं, "आई, तू भिगवणपासूनच का सुरू करतेस? आधीचं काय?"

ती सुपातलं धान्य पाखडत म्हणाली, "आधी काय आहे? पाणीच तर आहे."

मग वडिलांनी मला आत बोलावून घेतलं आणि समीक्षकाचा कान धरला. आईचं माहेर पळसदेव. भीमेच्या काठचं जुनं पळसदेव. उजनीचं धरण १९८० साली पुरं झालं आणि भीमेकाठची आमच्या तालुक्यातली गावं पाण्याखाली गेली, त्यातलं हे एक. गाव उठून वर हमरस्त्याच्या अंगाला आलं. वडील म्हणाले, पूर्वी तिचं वर्णन इंदापूरपासूनच सुरू व्हायचं. गाडी पळसदेवच्या फाट्यावर थांबायची. आजोबा तिथं पिशवी घेऊन उभे असायचे. वांगी, भुईमुगाच्या शेंगा, काय असेल ते खिडकीतून आत द्यायचे. गाडी दोन मिनिटं थांबायची आणि त्या दोन मिनिटांवर आई दोन संध्याकाळी काढायची. तू लहान होतास, तुला आठवत नाही.

मी ओट्यावर परत आलो. कथा तोवर हडपसरपर्यंत पोचली होती.

त्यानंतर मी उशिरा सुरू होणाऱ्या पुस्तकांवर जरा कमी रागावतो. लेखक धक्क्यावरच सुरुवात करतो, तेव्हा त्याच्या मागं काय राहिलं असेल, कोण जाणे! सगळंच काही आळसापोटी गाळलेलं नसतं. तरीही एक गोष्ट मी मागं घेत नाही. तुम्ही शहरात बुजलात, चुकलात, अनवाणी चाललात, ते सांगितलंच पाहिजे. जे सांगता येत नाही ते सोसायला, जे सांगता येतं त्याचाच आधार असतो. आईच्या चपलेनं मला हे शिकवलं, कपाटानं नाही.

आता प्रवास उलटा झाला आहे. भिगवणच्या पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, त्यांना बघायला पुण्या-मुंबईचे लोक पहाटे मोटारी घेऊन येतात. आणि उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की, पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, ते बघायलाही येतात. २०२४च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फारच खाली गेलं. देऊळ उघडं पडल्याची बातमी आली. आई म्हणाली, "जाऊ या." आम्ही एसटीनं गेलो. या खेपेला ती उजव्या खिडकीशी बसली आणि सबंध वाटभर बोलत होती.

भेगाळलेल्या गाळावरून मी तिचा हात धरून चाललो होतो. देवळाशी बरीच मंडळी होती. फोटो चालले होते. एक मुलगी कॅमेरा बाजूला ठेवून आईपाशी आली. चपलांवरून, बोलण्यावरून पुण्याची असावी.

"आजी, एवढ्या उन्हात तुम्ही कुठून आलात हे बघायला?"

मी सवयीनं दुसरीकडं बघायला लागलो.

आई म्हणाली, "मी? मी इथलीच." मग सावलीतला एक दगड बघून ती बसली. मुलीला बस म्हणाली. पिशवी मांडीवर घेतली.

"एसटीला एक पैसा पडला नाही बघ. पंच्याहत्तरीच्या वर फुकट आहे. याचं मात्र पुरं तिकीट," तिनं सुरुवात केली. "तर इंदापूर सोडलं आणि..."